नाच बसवायचाय, पण आधी मुलं निवडायची कशी? (कॉलेजची नृत्यसंध्या)

सुरंगी | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टी.वाय.ला आहे. गॅदरिंगच्या नाचांसाठी दर वर्षी बाहेरून एक डान्सवाले यायचे. आठ दिवसांत आठ गाणी बसवून जायचे. नाचणारी दहा मुलं पुढे, बाकीची मागे हात हलवायला. मी दोन वर्षं मागेच होते, तेव्हा हे जरा चिडून लिहितेय हे मान्य. यंदा आम्ही चौघं प्राचार्यांकडे गेलो आणि म्हटलं, एक संध्याकाळ आम्हाला द्या, निवडीपासून पडद्यापर्यंत सगळं मुलंच करतील. सर चक्क 'बरं' म्हणाले. तेव्हापासून पोटात गोळा आहे.

परिस्थिती अशी. बसवणारे आम्ही चौघं. मी कथक शिकलेय (मंडळाची मध्यमा झालीय), एक मैत्रीण भरतनाट्यम, एक जण यूट्यूबवर हिपहॉप शिकलेला आणि एक जण लग्नाच्या वरातीत शिकलेला. ९ नाच. नावं आलीत ६१. स्टेज २४ फूट बाय १८, त्यात एका वेळी दहा-बारांपेक्षा जास्त मुलं घातली की हाताला हात लागतो. कार्यक्रम १७ जानेवारीला.

निवड चाचणी कशी घ्यायची? प्रत्येकाने आपलं गाणं आणून नाचून दाखवायचं, की आम्ही शिकवायचं आणि त्यांनी करून दाखवायचं? आणि 'नाही' कसं सांगायचं? सगळी रोज एकाच कँटीनला बसणारी आहेत.

चिरेबंदी | १८ नोव्हेंबर, रात्री १०:०२

६१ मुलं नावं देतात म्हणजे तुमच्या कॉलेजात मोबाइलला रेंज नाही हे नक्की.

वरातीत शिकलेल्याला कमी लेखू नका, त्याला गर्दीत जागा कशी काढायची ते कळतं.

पाचवी_विंग | १८ नोव्हेंबर, रात्री ११:२५

सुरंगी, अभिनंदन. मी बारा-तेरा वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांचे नाच बसवले आणि बसवताना बघितले, त्यातून सांगतो.

आपापलं गाणं आणायला सांगू नकोस. त्यात तुला फक्त एवढंच कळतं की कोणाच्या घरी क्लासची फी भरायची ऐपत होती. जिचं गाणं दहा वेळा गॅलरीत घोटून झालंय ती चमकणारच. पण तुझ्या नाचात तिला *तुझ्या* हालचाली करायच्या आहेत. म्हणून शिकव. चार आठाचा (आठ मोजांचे चार) तुकडा पुरे. एक आठ पायाचा, एक हाताचा, एक वळण घेऊन जागा बदलण्याचा आणि शेवटचा आठ त्यांचा त्यांनी भरायचा. त्या शेवटच्या आठात निम्मी मुलं गोठतात आणि एखादी अशी काही गंमत करते की तिचं नाव तिथेच लिहिलं जातं.

छातीवर सेफ्टी पिनेने नंबर लाव. नाव नको, नंबरच. परीक्षकाला नाव दिसलं की आडनाव दिसतं, आडनाव दिसलं की वाडी दिसते. पाच-पाचचे गट कर. एकदा करून घेतलं की पुढची रांग मागे, मागची पुढे. हे विसरलीस तर सगळी चाचणी फुकट. मागे उभं राहून पुढच्याचं बघून करणारे पुढे आले की लगेच उघडे पडतात.

दुसऱ्या फेरीला समोर उभं राहून दाखवणं बंद. फक्त गाणं. आणि बघायचं काय, तर चुकल्यावर काय करतो. चुकला की थांबून हसणारा, चुकला की शेजाऱ्याकडे बघणारा, आणि चुकला तरी पुढच्या आठाच्या एकला परत गाडीत चढणारा. तिसरा घे. नाच चांगला असला तरी पहिले दोन नको.

निकालाबद्दल उद्या लिहितो, झोप आलीय.

वस्तीचीगाडी | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

चाचणी-बिचणी ठीक, तालमीची वेळ काय ठेवलीय ते सांग आधी. आमच्या वेळी तालीम साडेसहापर्यंत चालायची आणि शेवटची एसटी पावणेसहाची. म्हणजे नाचात कोण असणार, तर एसटी स्टँडजवळ राहणारी मुलं आणि ज्यांच्याकडे दुचाकी आहे ती. खाडीपलीकडची एकही मुलगी तीन वर्षांत स्टेजवर दिसली नाही आणि सगळे म्हणायचे, 'त्यांना आवड नाही.'

पाचवी_विंग | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

+१ वस्तीचीगाडी. हे मी लिहायला हवं होतं. सकाळी पहिल्या तासाआधीची पाऊण तासाची तालीम संध्याकाळच्या दोन तासांपेक्षा चांगली. अंग ताजं असतं आणि गप्पा कमी होतात.

राहिलेलं 'नाही' सांगण्याचं. तुमच्याकडे ९ नाच आहेत आणि १०–१२ची मर्यादा, म्हणजे जवळपास १०० जागा. मुलं ६१. मग कोणाला 'नाही' सांगायचंच कशाला? एका मुलाला जास्तीत जास्त दोन किंवा तीन नाच अशी मर्यादा घाला आणि प्रत्येकाला निदान एक. खरी चाचणी 'घ्यायचं की नाही' याची नसून 'कुठल्या नाचात' याची आहे. चौघं एका टेबलाभोवती बसा, नंबरांच्या चिठ्ठ्या मांडा, पाळीपाळीने एकेक उचला. पहिल्यांदा जो उचलेल त्याने दुसऱ्या फेरीत शेवटी उचलायचं. तासाभरात होतं आणि भांडण टेबलावरच संपतं.

कणकवली_फास्ट | १९ नोव्हेंबर, दुपारी १:१५

माफ करा, पण 'प्रत्येकाला निदान एक' हे मला पटत नाही. तिकीट नसलं तरी लोक तीन तास बसणार आहेत. ज्याला ताल नाही त्याला स्टेजवर उभं करून त्याचंच हसं करता तुम्ही. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात लोकनृत्याला १० नर्तक, ५ साथीदार आणि १० मिनिटं, बस. तिथे कोणी विचारत नाही की बाकीच्यांना वाईट वाटलं का.

पाचवी_विंग | १९ नोव्हेंबर, दुपारी १:४०

ती स्पर्धा. हे गॅदरिंग. स्पर्धेला तू म्हणतोस तसंच निवडतो मीही.

बांद्याचो_भाव | १९ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

आमच्या दशावतारात ऑडिशन-बिडिशन काय नसता. पोरगो आधी पेटारो उचलता, मगे झांज वाजवता, आणि एक दिस राजपार्टी (राजाचा काम) करणारो येवक नाय काय तेका उभो करतत. लिवलेला काय नाय, संवाद सगळे तोंडचे. ज्येका दुसऱ्याचा बोलणा आयकूक येता तोच टिकता, बाकीचे पेटारोच उचलत रवतत. तुमी पोरांका नाचताना बघतास, तसा नाचत नसताना पन बघा. खंय बसतत, कोनाक पानी देतत.

सुरंगी | २५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. चाचणी शनिवारी झाली. पाचवी_विंग काका (काका चालेल ना?), तुम्ही सांगितलं तसंच केलं. रांगा बदलल्यावर खरंच कमाल झाली. आमच्या वर्गातली जी मुलगी 'सगळ्यात भारी' समजली जाते ती पुढे आल्यावर तिसऱ्या आठात भिंतीकडे तोंड करून उभी. शेवटच्या मोकळ्या आठात एकाने नुसतं नारळाच्या झाडावर चढल्यासारखं केलं, सगळे हसलो, पण एकदम तालात. घेतला.

तालीम सकाळी ७:४५ ते ८:३०, आणि शनिवारी दुपारी. वस्तीचीगाडी, तुमच्यामुळे खाडीपलीकडच्या ७ मुली आहेत यंदा.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. २७ नंबर. एफ.वाय.चा मुलगा, अंगाने काटकुळा, एक शब्द बोलला नाही. मी समोर उभी राहून शिकवत होते, आणि तो सगळंच उलटं. मी उजवा म्हणाले की डावा. वळताना दोनदा शेजारणीला धडकला. चौघांच्याही कागदावर त्याला सगळ्यात कमी. मग चहाच्या वेळी बाहेर व्हरांड्यात बघितलं तर हा खांबाला पाठ लावून बूट नसलेल्या पायाने जमिनीवर काहीतरी वाजवत होता. इतकं स्वच्छ! मी ततकार (कथकचं पायांचं काम) शिकलेली आहे, मला कळतं पाय कधी जमिनीवर *पडतो* आणि कधी *ठेवला* जातो. विचारलं तर म्हणाला, गणपतीत वाडीच्या जाखडीत नाचतो, चौथीपासून.

मग हा चाचणीत का पडला?

मृदंगवाला | २५ नोव्हेंबर, रात्री १०:५०

ताई, मी संगमेश्वर तालुक्यातला, जाखडीला तीस वर्षं वाजवतो. मुलीने टायपायला मदत केलीय.

तो पोरगा पडला नाही, तुमची पद्धत पडली. जाखडी गोलात असते. मध्ये आम्ही बसलेले, गाणारे, मृदंगवाला, टाळ-झांज. पोरं भोवती फिरतात. लहान पोरगा शिकतो तो पुढच्याच्या *पाठीकडे* बघून. समोर उभं राहून त्याला कोणी कधी दाखवलेलंच नाही. तुम्ही समोर उभ्या राहून उजवा हात केलात, त्याच्या डोळ्यांना तो डाव्या बाजूला दिसला, त्याने डावा केला. क्लासला गेलेल्या पोरांना हे उलटं करून घ्यायची सवय असते. त्याला नाही.

आणि आमच्यात डावं-उजवं म्हणतच नाहीत. आत, बाहेर, पुढे, मागे. आणि पाय म्हणजे चाळाचा पाय नि बिनचाळाचा पाय. आमच्या वाडीत घुंगरांचा चाळ एकाच पायात बांधतात. त्यामुळे कुठला पाय आपटला ते बघायला लागत नाही, कानाला कळतं.

उद्या त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहा आणि परत शिकवा. मग सांगा.

चिरेबंदी | २५ नोव्हेंबर, रात्री ११:०४

हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर डकवून ठेवा कोणीतरी.

सुरंगी | २७ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

मृदंगवाले काका!! पाठ करून उभी राहिले. दोन वेळा दाखवलं, तिसऱ्या वेळी तो माझ्यापेक्षा नीट करत होता. मग म्हटलं आणखी कितीजणांचं असं झालं असेल, म्हणून खालच्या १५ नंबरांना परत बोलावलं आणि तसंच शिकवलं. ६ जण चक्क वर आले. ९ जण होते तिथेच राहिले, तेही लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल जादू झाली.

आता सगळ्यांच्या उजव्या पायाला लाल सुतळी बांधलीय. 'उजवा' म्हणायचं बंद, 'सुतळीचा पाय' म्हणतो. हिपहॉपवालासुद्धा.

आणि आम्ही ठरवलंय, पहिला नाच जाखडीच. २७ नंबर बसवणार, मी त्याच्या हाताखाली.

परळचा_चाकरमानी | २७ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

छान. पण सांभाळून हं. आम्ही मुंबईत मंडळाच्या कार्यक्रमात जाखडी नेली तेव्हा आयोजक म्हणाले, 'सगळे प्रेक्षकांकडे तोंड करा.' मग काय उरलं? एक रांग, चकचकीत झब्बे आणि मध्ये गाणारे नाहीत तर पेन ड्राइव्ह. त्याला जाखडी म्हणू नका, 'कोकणी डान्स' म्हणा आणि मोकळे व्हा.

कणकवली_फास्ट | २७ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

मग काय प्रेक्षकांना अर्धा वेळ पाठी दाखवायच्या? पडद्याचं स्टेज तीन बाजूंनी बंद असतं. तिथे गोल चालत नाही हे साधं आहे. गोल उघडायचा. गाणारे मागे फळीवर जरा उंच बसवायचे, नाचणारे त्यांच्यापुढे अर्धा गोल करून. मी मालवणला मामा वरेरकर नाट्यगृहात एका ग्रुपचं असं बघितलंय, झकास दिसतं.

परळचा_चाकरमानी | २७ नोव्हेंबर, दुपारी १:३०

झकास *दिसतं*, तेच तर म्हणतोय. दिसण्यासाठी नसतेच ती. शक्तीवाले आणि तुरेवाले हे जाखडीतले दोन पक्ष, समोर शक्तीवाले असतील तर तुरेवाल्यांनी रात्रभर सवाल-जवाब करायचे असतात.

मृदंगवाला | २७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

भांडू नका. दोघांचं खरं आहे. अर्धा गोल केला की पोरांना पुढच्याची पाठ दिसत नाही, म्हणजे एकमेकांना धरून जी लय राहते ती सुटते. आणि मी मागे बसलो तर मला पाय दिसत नाहीत. मी हाताकडे बघून वाजवत नाही, पायाकडे बघून वाजवतो.

ताई, तुमच्या स्टेजसमोर जमीन आहे का मोकळी? आठ पोरं आणि मध्ये पाच जण बसले तर चौदा फुटांचा गोल लागतो.

सुरंगी | २७ नोव्हेंबर, रात्री ९:५२

आहे! स्टेज आणि पहिल्या रांगेच्या मध्ये पाहुण्यांचे सोफे असतात. सोफे मागे सरकवले तर...

चिरेबंदी | २७ नोव्हेंबर, रात्री ९:५५

पाहुण्यांचे सोफे मागे. मुली, तुला पदवी हवीय ना?

सुरंगी | ६ डिसेंबर, रात्री ८:३०

सोफ्यांचं अजून विचारलेलं नाही. आज वेगळी अडचण. कोळीगीत घेतलंय, ठेका सहाचा आहे. सगळ्यांना आठ मोजायची सवय. दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मी मुलं एकीकडे, निम्मी दुसरीकडे. आणि बसवायला किती वेळ लागेल याचा अंदाजच येत नाही, दोन आठवड्यांत दीड नाच झालाय.

अडीच_मात्रा | ६ डिसेंबर, रात्री ९:४०

कथक शिकलेली मुलगी हे विचारतेय म्हणजे घाबरलेली आहे, बाकी काही नाही :)

तुझा सहाचा ठेका म्हणजे दादरा, ६ मात्रांचा. आठाचा तुकडा सहाच्या ठेक्यावर ठेवलास तर दोन्ही परत एकत्र येतात २४व्या मात्रेनंतर. दादऱ्याची चार आवर्तनं, आठाचे तीन तुकडे. दोन मार्ग. एक, सरळ सहाच मोजायला शिकव, 'एक-दोन-तीन चार-पाच-सहा', एकला आणि चारला वजन. होडी वल्हवायची हालचाल असेल तर ती सहातच नैसर्गिक बसते, तीनला ओढ, तीनला सोड. दुसरा मार्ग, गंमत म्हणून चौघांना आठात आणि चौघांना सहात ठेव आणि २५व्याला सगळे एकदम. पण तो पंधरा दिवसांत होणार नाही, पहिलाच घे.

तिहाई (एकच बोल तीनदा) शेवटाला घालणार असशील तर साधी घे. ५ मात्रांचा बोल, १ मात्रा दम, परत ५, १ दम, परत ५. मोज: १७. समेवरून (तालाच्या पहिल्या मात्रेवरून) सुरू केलीस तर सोळा मात्रांच्या तीनतालात शेवटचा घाव बरोबर पुढच्या समेवर. हिपहॉपवाल्यालाही ही शिकव, त्याच्या दोन आठांत ती चपखल बसते आणि त्याला वाटेल त्याने शोधून काढली.

वेळेचं: गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं असेल तर तीन मिनिटांचे ३६० ठोके, म्हणजे ४५ आठ. पाऊण तासाच्या तालमीत नवी मुलं पाच आठ नीट शिकतात. नऊ तालमी शिकवायला. मग निदान तेवढ्याच घासायला. वहीत गाण्याचे ४५ चौकोन आख आणि आधी भर. मुलांसमोर उभं राहून 'आता काय करूया' म्हणालीस की दहा मिनिटं गेली. ध्रुवपद परत आलं की तेच आठ परत वापर, फक्त दिशा किंवा जागा बदल. चार ध्रुवपदं असतील तर ४५चे ३०च होतात. प्रेक्षकांना ओळखीची हालचाल परत आली की आवडतं. बसवणाऱ्यालाच उगाच वाटतं की आपण आळशी आहोत.

सांधेसुधे | ७ डिसेंबर, सकाळी ८:००

फिजिओथेरपिस्ट आहे, एक विचारू? तालीम कशावर करता?

सुरंगी | ७ डिसेंबर, सकाळी ८:२५

व्हरांड्यात. लादी आहे. का?

सांधेसुधे | ७ डिसेंबर, सकाळी ११:४०

म्हणूनच विचारलं. लादीखाली काँक्रीट असतं, ते जराही दबत नाही. भरतनाट्यमवाल्या मुली अरमंडीत (गुडघे बाहेर वाकवून अर्धं) बसून पाय आपटणार, तुम्ही ततकार, जाखडीवाले उड्या. आठवड्या-दोन आठवड्यांत नडगीच्या आतल्या बाजूला, खालच्या अर्ध्या भागात दुखायला लागेल. 'नाचून नाचून दुखतंय' म्हणून कोणी सांगणार नाही. बोट फिरवल्यावर सगळीभर दुखत असेल तर विश्रांती, बर्फ आणि उड्या कमी. एकाच जागी बोट ठेवल्यावर टचकन कळ येत असेल तर नाच बंद आणि डॉक्टर, तिथे हाडाला बारीक चीर असू शकते.

स्टेज फळ्यांचं असेल तर तिथेच करा. नाही मिळालं तर मातीचं अंगण. सारवलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. जांभ्याच्या चिऱ्यांवर अनवाणी मात्र नको, तळव्याची सालं निघतात. आणि एका तालमीत सगळं पूर्ण ताकदीने करायचं नसतं. निम्म्या वेळा पाय न आपटता नुसतं 'चालून' काढा, जागा पाठ होतात.

सुरंगी | ७ डिसेंबर, रात्री ९:००

दोघींची नडगी दुखतेच आहे :( उद्यापासून हॉल मागते.

सुरंगी | १५ डिसेंबर, रात्री १०:३०

आज थोडं रडगाणं. संस्थेतल्या एका पदाधिकाऱ्यांचा निरोप आला की त्यांच्या नात्यातल्या एका मुलीला 'मध्ये' घ्या. ती आहे आमच्या दोन नाचांत, बरी नाचते, पण मध्ये नाही. निरोप घेऊन आलेले सर स्वतःच ओशाळले होते. मी काय बोलू? सोफेही त्यांच्याकडूनच मागायचेत.

वस्तीचीगाडी | १५ डिसेंबर, रात्री १०:४१

'मध्ये' म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा ना. चार मिनिटांत मध्ये सगळ्यांनाच आणता येतं.

पाचवी_विंग | १५ डिसेंबर, रात्री ११:१०

वस्तीचीगाडी बोलले ते खरं. जागा बदलत्या ठेव. प्रत्येक कडव्याला वेगळी मुलं पुढे. मी तर निकालाच्या कागदावरच लिहायचो: 'पुढची-मागची रांग कायमची नाही.' त्या मुलीला एका कडव्यात मध्ये आण, इतरांनाही आण. निरोपाला होकारही नाही, नकारही नाही.

आणि त्या मुलीशी बोल. माझ्या अनुभवात अशा मुलींना याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

सुरंगी | १७ डिसेंबर, दुपारी ४:१५

बोलले. तिला निरोपाचं माहीतच नव्हतं. तिने काकांना घरी जाऊन काय सुनावलं ते इथे लिहिता येत नाही. सोफे मिळाले.

सुरंगी | ११ जानेवारी, रात्री ११:५०

नाचांचा क्रम लावतोय, डोकं फुटायची वेळ आलीय. काही युक्ती?

पाचवी_विंग | १२ जानेवारी, सकाळी ६:५०

प्रत्येक नाचाची एक चिठ्ठी, खाली त्यातल्या मुलांचे नंबर. लागोपाठच्या दोन चिठ्ठ्यांत एकही नंबर सारखा नको. नऊवारी नेसायची असेल तर मध्ये तीन नाच सोड. नाहीच जमलं तर तिथे निवेदक घाल, पण त्याला शेरोशायरी करू देऊ नकोस. अंधारात जागा सापडायला स्टेजच्या मध्यावर आणि दोन्ही पाव भागांवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा. गाणी दोन पेन ड्राइव्हवर आणि एका फोनवर, फोन विमान मोडवर. रंगीत तालमीला कपडे, दागिने, गजरे सगळं. घामाने रंग उतरतो का, मुंडावळी उडते का, तेव्हाच कळतं. जानेवारीतसुद्धा आपल्याकडे दिव्यांखाली पाणी गळतं.

सुरंगी | १९ जानेवारी, दुपारी १२:३०

झालं!!!

सगळं नाही लिहीत. भरतनाट्यमच्या मध्येच वीज गेली. मुली थांबल्या नाहीत, मैत्रीण विंगेतून हाताने ताल देऊन बोल म्हणत राहिली, इन्व्हर्टर चालू होईपर्यंत नुसती पावलं ऐकू येत होती. हिपहॉपवाला तिहाईवर संपला आणि खरंच सगळ्यांना सांगत सुटला की ती त्याचीच आयडिया. कोळीगीतात दुसऱ्या कडव्याला एक होडी उलट्या दिशेने गेली, पण सहात गेली.

जाखडी खाली जमिनीवर. तीन बाजूंना प्रेक्षक, चौथ्या बाजूला स्टेजच्या कडेला पाय सोडून बसलेली आमचीच बाकीची मुलं. मृदंगवाले काका स्वतः आले होते, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं! त्यांनी पहिली थाप मारली आणि २७ नंबरने गोलात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा सोफ्यावरचे पाहुणे उठून उभे राहिले, कारण बसून त्यांना पाय दिसत नव्हते. मग मागचेही उठले. शेवटी सगळं सभागृह उभं आणि मागून कोणीतरी ओरडतंय, 'बसा रे पुढचे!'

कणकवली_फास्ट, पाठी दिसल्या. सगळ्यांच्या.

कणकवली_फास्ट | १९ जानेवारी, दुपारी १:०५

व्हिडिओ टाक, मग बोलतो. (अभिनंदन.)

बांद्याचो_भाव | १९ जानेवारी, दुपारी २:२०

बरा झाला. पेटारे कोनी उचलले?

सुरंगी | १९ जानेवारी, दुपारी २:३१

चाचणीत खालून दुसरा आलेला मुलगा. न सांगता. पुढच्या वर्षी बसवणाऱ्यांत त्याला घ्यायचं ठरलंय.

अजून एक काम आहे. २७ नंबरच्या काकांचा चाळ घेतला होता, तो परत द्यायचाय. ३२ घुंगरं होती, ३१ भरतायत, एक सभागृहात कुठेतरी गेलं. केरसुणीने सगळं झाडून बघितलं. सुटं पितळी घुंगरू कुठे मिळेल?

मृदंगवाला | १९ जानेवारी, रात्री ९:१०

माझ्याकडे जुन्या चाळाची पडलीत, देतो. पण वजन सारखं बघून घ्यायला लागेल, नाहीतर वेगळं वाजतं आणि त्याच्या काकांना लगेच कळेल. एक घुंगरू काढून पाठव. आणि ओवताना सुती दोरा घे, नायलॉनचा पायाला कापतो.